बाबांचे स्वल्पविराम

५ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोबतचं बाड जड आहे म्हणून पोस्टमनवर चिडू नका, त्या बिचाऱ्याने त्यातलं एक अक्षरही लिहिलेलं नाही. कादंबरी पूर्ण झाली. पाठवते, पाठवते म्हणत मी तुम्हाला किती झुलवलं. त्यात तुमचं फुप्फुसाचं ऑपरेशनही होऊन गेलं, आणि शुद्धीवर आल्यावर तुम्ही नर्सला पहिला प्रश्न विचारलात तो म्हणे माझ्या कादंबरीचाच. ती काय उत्तर देणार होती कोण जाणे. तर ही घ्या.

कादंबरी बाबांवर आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. नाव बदललंय, पण दुकानांच्या पाट्या रंगवणारा, खिशात ओली फडकी कोंबणारा आणि रस्त्याने जाताना दुसऱ्यांनी काढलेल्या अक्षरांना नावं ठेवणारा माणूस आपल्या घरात दुसरा कोण होता? प्रकाशकबाईंना ती आवडली आहे. मार्चअखेर शेवटची पानं त्यांच्या हाती पडली की पुस्तक छपाईला जाईल. मधे फक्त आई आहे. मी तिला शब्द दिलाय की हे खरोखर बाबाच आहेत असं तिने म्हटल्याशिवाय मी एक पानही छापू देणार नाही. बाबा गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाही, तेव्हा निदान तिच्या माणसावर मी भलताच कुणी आणून बसवू नये, एवढंच. ती म्हणाली की वाचणार नाही, ऐकेन, आणि ऐकेन तर मामाच्या तोंडून.

तुम्ही जन्मभर अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित केलीत, आता एक घरच्या माणसासाठी वाचा. तुम्ही दोघं एकाच घरात राहता, त्यामुळे श्रोता शोधत फिरायला नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही लाल पेन शोधायला उठणार नाही. आख्ख्या कादंबरीत कुणाच्याही बोलण्यात मी स्वल्पविराम ठेवलेला नाही. मुद्दाम. दिवसभर ऑफिसात मी कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. झाकण उघडा, कपडे टाका, झाकण लावा, बटण दाबा. संध्याकाळपर्यंत ती शेपटीवाली टिंबं डोळ्यांत खुपायला लागतात. बाबांना तरी त्या यंत्रातून बाहेर काढावं म्हटलं. हल्ली असं लिहितात, उगाच नाक मुरडू नका.

आईला सा. न. लोभ आहेच, तो बाड वाचून झाल्यावरही टिकावा, ही विनंती.

आपली भाची,
भिंगरी

---

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि बाड मिळालं. माझी तब्येत घोड्यासारखी आहे. डॉक्टर माझी विचारपूस करण्याआधी मीच त्यांची करतो, त्यामुळे तपासणी लवकर आटोपते. काळजी नसावी.

रविवारी चहा झाल्यावर वाचायला बसलो. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर मटार सोलायला घेतलेलं शेंगांनी भरलेलं सूप. आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एकच नियम होता, पानावर असेल तेच वाचायचं. लेखकाने थांबवलं तर थांबायचं, पळवलं तर पळायचं, वाचणाऱ्याने पदरचं काही घालायचं नाही. तो नियम मी घरीही पाळला. तुझ्या बाबांचं ते भिंतीबद्दलचं वाक्य आलं, "ही भिंत उन्हाची आहे इथे पिवळं अक्षर टिकायचं नाही रंग आधी भिंतीला विचारून लावायचा असतो", आणि ते मी जसं होतं तसं, एका झपाट्यात वाचलं. ताईचे हात थांबले. तिने विचारलं की या माणसाला गाडी गाठायची आहे का. मी पुढे वाचत राहिलो. आणखी पाच-सहा पानांनी ती म्हणाली की माणूस चांगला आहे, पण हे ते नव्हेत, ही तर आपली भिंगरीच शिडीवर चढून बोलते आहे. मग सूप उचलून आत गेली.

म्हणजे नापास. वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणणार होतो, पण थोडं घे, त्याने फायदा होईल.

आता मी रागावतो. शाळेत मास्तर स्वल्पविरामाचे विनोद सांगत, एक खूण सरकली आणि एक माणूस फासावर गेला वगैरे. ते मी सांगणार नाही. तुझ्या वाक्यांचा अर्थ खुणांशिवायही लागतो, मूर्ख वाचक तुझ्या वाट्याला येणार नाहीत. प्रश्न अर्थाचा नाही, माणसाचा आहे. कादंबरीतला माणूस वाचकाला दिसत नाही. त्याचे नाक-डोळे तू सांगशील तेवढेच. पण तो कुठे थांबतो यावरून वाचक त्याला ओळखायला लागतो, आणि एकदा ओळखलं की मग नाक-डोळे सांगायची गरजही उरत नाही. यंत्राच्या पुस्तिकेतला स्वल्पविराम कामं वेगळी करत असेल. गोष्टीतला माणसं वेगळी करतो. तुझ्या कादंबरीत बाबा, दुकानदार, परवाना देणारे साहेब आणि शेजारीण सगळे एका दमात बोलतात, म्हणजेच सगळीकडे तूच बोलतेस. तू लहानपणापासून अशीच बोलतेस, म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं. स्वतःवर कादंबरी लिहायची असेल तर जरूर लिही, पण त्यासाठी बाबांचे कपडे घालू नकोस.

नुसती तोंडपाटीलकी करून थांबलो नाही. बाबांची सगळी पानं मी पुन्हा मोठ्याने वाचली, लाल पेन हातात घेऊन, आणि जिथे जीभ थांबली तिथे खूण केली. नोकरीभर हेच केलं आहे. माझा कान चुकत नाही. त्या खुणा डोळे मिटून उचल आणि परत पाठव.

ताई तुझ्यावर रागावलेली नाही, ती तिच्या पद्धतीने गप्प आहे. लोभ आहे म्हणून तर लाल पेन उचललं, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
मामा

---

२६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात कुणाशी बोलले नाही, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला ताप आलाय का म्हणून विचारलं. भिंगरी गप्प बसली की लोकांना रोगच आठवतो.

तुम्हाला खोटं पाडावं म्हणून मी एक प्रयोग केला. साहेबांची आणि शेजारणीची वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवली, चिठ्ठ्या मिसळल्या आणि मैत्रिणीला वाचायला देऊन मी डोळे मिटून ऐकत बसले. कोण बोलतंय ते माझं मलाच सांगता येईना. ज्या माणसांना मीच जन्म दिला ती मला ओळखू येत नाहीत म्हटल्यावर नाक मुठीत धरून कामाला लागले.

आणि मामा, कबूल करते, मजा आली. परवाना देणारे साहेब दर दोन शब्दांनी थांबतात, समोरच्याला आपलं वजन कळावं म्हणून. त्यांच्या वाक्यांत मी मुठीने स्वल्पविराम टाकले. दुकानदार फक्त किंमत सांगण्याआधी थांबतो. शेजारीण थांबतच नाही, एकच जागा सोडून, जिथे ती दाराकडे बघून कुणी ऐकत नाही ना याची खात्री करते. त्या एका स्वल्पविरामासाठी मी सबंध दुपार घालवली. आधी तो एक शब्द पुढे होता, तर ती नुसती दमलेली वाटत होती. मागे घेतला तर लगेच चहाडी करायला लागली. इतकी वर्षं मी वाक्यं लिहिते, पण एका खुणेने बाई दाराकडे बघते हे मला माहीत नव्हतं.

बाबांचं मात्र जमेना. त्यांचे शब्द मला पाठ आहेत, पण ते कुठे थांबायचे ते आठवायला गेलं की माझाच आवाज कानात येतो. म्हणून तुमच्या लाल खुणा जशाच्या तशा घेतल्या, एकही वगळली नाही. जरा जास्त वाटतात खऱ्या, पण तुमच्या कानापुढे मी कोण? आता ते वाक्य असं आहे. "ही भिंत, उन्हाची आहे, इथे पिवळं अक्षर, टिकायचं नाही, रंग आधी, भिंतीला विचारून, लावायचा असतो."

आईला पुन्हा ऐकवा आणि लवकर कळवा. बाईंचा फोन येऊन गेला, पानं कधी देतेस म्हणून. मी त्यांना आईबद्दल सांगितलं नाही, त्यांना वाटेल लेखिका अजून आईला विचारून शाळेत जाते.

ता. क. घोड्यासारखी तब्येत असलेल्या माणसाचं अक्षर ओळीच्या शेवटी खाली का घसरतं, हे कळवावं.

लोभ लाल शाईत का होईना, पण असू द्यावा, ही विनंती.

आपली,
भिंगरी

---

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मामा तुला पत्र लिहायला बसला, दोनदा कागद चुरगाळला आणि आता मला उन्हात बसू दे म्हणून गच्चीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलाय. म्हणून मीच लिहिते. मला तुमच्यासारखं छान लिहिता येत नाही, चालवून घे.

साहेब फक्कड झालेत. अशा साहेबांसमोर मी बसले आहे, परवान्याचा कागद हातात घेऊन, त्यामुळे मला हसू आवरेना. शेजारीण कोण ते मी ओळखलं, पण तिला कळू देऊ नकोस. मग तुझे बाबा आले आणि दोन शब्द बोलून थांबले, पुन्हा दोन शब्द, पुन्हा थांबले. मी ओळखलं, पण त्यांना नाही, माझ्या भावाला. जिना चढताना तो असाच बोलतो. मी तसं म्हटलं आणि तो वाचायचा थांबला. पान खाली ठेवलं, चष्मा पुसला. मला वाटलं आता चिडेल, पण म्हणाला की ताई, तुझं बरोबर आहे, जिथे माझा दम संपला तिथे मी खुणा केल्या आणि त्याला कान म्हणालो.

आता तुला कळलंच आहे तर सांगते. त्याची तब्येत घोड्यासारखी वगैरे काही नाही. पहिल्या मजल्यावर कुंडीतल्या झाडाचं कौतुक करायला थांबतो, दुसऱ्या मजल्यावर झाड नाही तर तिथे भिंतीचं करतो. श्वास आत ओढून प्लास्टिकच्या गोळ्या वर चढवायचं, डॉक्टरांनी दिलेलं ते तीन गोळ्यांचं यंत्र कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलंय. तुला कळवायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. मी काही बोलले नाही, त्याच्या खुणाच बोलल्या, त्यामुळे शपथ मोडली असं मी धरत नाही.

आता तुझ्या बाबांचं. तू शाळेतून यायचीस तोवर काम उरकलेलं असायचं, म्हणून तुला हे ठाऊक नसणार. ते शिडीवर आणि मी खाली, शिडी धरून. वर बघायचं नाही, रंग डोळ्यांत पडतो, म्हणून मी शिडीच्या पायांकडे बघत उभी राहायचे. त्यांचा चेहरा मला कधी दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. तुला मी म्हटलं की वाचणार नाही, ऐकेन, ते याचसाठी. ब्रश भिंतीला लागला की ते श्वास रोखायचे, हात हलू नये म्हणून. मग बोलणं जिथे असेल तिथे थांबायचं, वाक्याच्या ऐन मध्यावर. मी खालून हं म्हणायचे. म्हणजे शिडी धरलेली आहे हे त्यांना कळायचं. रेघ पुरी झाली की राहिलेलं वाक्य खाली यायचं. घरी जेवताना हातात ब्रश नसला तरी ती सवय राहिली.

कुठल्या शब्दाला थांबायचे ते मला विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. ऐकलं की सांगेन. त्या पुस्तकात मी नाही हे एक बरं केलंस. मला शिडी धरण्यापलीकडे त्यातलं काही येत नव्हतं.

तुला पुस्तक छापायची घाई आहे हे मला समजतं. पण तुझे बाबा नसतील तर मी हो म्हणणार नाही, आणि तूही मला म्हणायला लावू नकोस.

वेळेवर जेवत जा. लोभ वेगळा मागायची आपल्याकडे गरज नाही.

तुझी,
आई

---

१८ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घोड्याला माझा नमस्कार.

मी तुमच्यावर चिडले आहे आणि तुमची काळजीही वाटते आहे, दोन्ही एकदम होतं तेव्हा मला नीट भांडता येत नाही. तुम्ही फोनवर माझ्याशी इतके खणखणीत बोलत होतात की मी फसले. आता कळतं की तुम्ही वाक्यंच छोटी केली होती. कागदावर मात्र लपवता आलं नाही. मी तुमच्या खुणा पुन्हा काढून बघितल्या, पहिल्या पानावर त्या लांब लांब आहेत, आणि प्रकरण संपता संपता अगदी जवळ येतात. एखाद्याने तपासणीचा कागद पाठवावा तसं ते बाड तुम्ही मला पाठवलंत आणि मी ते बाबा म्हणून छापायला निघाले होते.

आईचं पत्र आल्यावर मी बाबांचा रुंद ब्रश काढला. तो माझ्याकडेच आहे, हे आईला माहीत नाही. वाटीत पाणी घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या फरशी बसवलेल्या भिंतीवर पाण्याने अक्षरं काढायला लागले, तोंडाने त्यांचं वाक्य म्हणत. पहिल्यांदा नुसतं पाणी सांडलं. मग लक्षात आलं की ब्रश बुडवताना आणि निथळताना बोलता येतं. उभी रेघ ओढताना बोलणं अडखळतं. आणि अक्षराचं पोट वळवताना तर ओठ आपोआप मिटतात, मिटायचे नाहीत म्हटलं तरी. बाबा बोलायला सुरुवात करायचे ब्रश बुडवताना, आणि मनातली खरी गोष्ट सांगायच्या ऐन वेळी ब्रश भिंतीला लागायचा. म्हणून ते नेमके तिच्याच आधी थांबायचे. "रंग आधी" म्हणून झालं, मग एक वळण, आणि मग "भिंतीला". भिंत पुसून पुन्हा काढलं, पुन्हा तिथेच थांबले. मला रडू आलं. मग पुन्हा पाणी घेतलं आणि पुढचं वाक्य केलं.

सबंध कादंबरीतलं बाबांचं बोलणं मी असं तपासलं. फरशी कधी नव्हे इतकी स्वच्छ झाली आहे. तुमच्या खुणांमध्येही तो एक स्वल्पविराम होता बरं का, पण बाकीच्यांच्या गर्दीत त्याचं कुणी ऐकत नव्हतं. आता ती गर्दी हटवली. शाळेतले नियम मात्र निमूट पाळले. हाक मारली की स्वल्पविराम, दोन वाक्यं एकमेकांना टेकली की स्वल्पविराम. ते आपापल्या जागी शहाण्यासारखे बसले तरच बाबांचा एखादा जगावेगळा ऐकू येतो. मी आधी ते सगळेच काढले होते, म्हणजे बाबांना थांबायलाही जागा ठेवली नव्हती. आता वाक्य असं आहे. "ही भिंत उन्हाची आहे, इथे पिवळं अक्षर टिकायचं नाही. रंग आधी, भिंतीला विचारून लावायचा असतो."

आता अट. नव्या बाडात दोन थांब्यांमधलं अंतर बरंच आहे आणि तुमच्या दमासाठी मी त्यात एकही खूण घालणार नाही. यंत्राखालचे कागद बाजूला करा आणि गोळ्या वर चढवा. तिन्ही चढल्याशिवाय आईला वाचून दाखवायचं नाही. बाईंकडून मी एप्रिलअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. त्यानंतर छपाई थेट पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी त्यांना मी आठवेन का ते माहीत नाही. तरीही गोळ्या आधी.

दुसरा कुणी वाचणारा शोधा असं सुचवणार असाल तर त्या ओळीवर मी आत्ताच काट मारते. लोभ असावा, आणि तो एका दमात तीन गोळ्या उचलील इतका असावा, ही विनंती.

आपली,
भिंगरी

---

२२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही चढल्या. तिसरी वर जाऊन टेकली तेव्हा ताईने भांडी घासता घासता मागे वळून बघितलं आणि मला चहा दिला. डॉक्टरांना मी सांगितलं की हे सगळं व्याकरणासाठी चाललं आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीचं कौतुक आता बंद केलं आहे, पहिल्या मजल्यावरच्या झाडाचं अजून करतो, पण ते झाड खरंच चांगलं आहे.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, आधी गोळ्या चढवून मगच लिहायचं ठरवलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या श्वासाने वाचलं आणि घरच्या माणसाच्या पुस्तकात नेमका माझा श्वास घुसवला. तुझ्या आईने पकडलं हे बरं झालं. आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणारी एक मुलगी आहे, ती असती तर म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसली असती.

काल वाचलं. मी त्या मुलीला रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन घरीच बोलावलं होतं. पहिल्या फटक्यात चांगलं झालं तर तेच अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी ठेवावं, असा माझा लबाड हिशेब. ताई खिडकीजवळ, या वेळी मांडीवर उसवलेली उशी आणि सुई. तिला सांगितलं होतं की मधे बोलायचं नाही, यंत्र सगळं टिपतं. तिने मान हलवली.

पहिली पानं गेली. साहेब येऊन गेले, या वेळी ती हसली नाही, यंत्राला घाबरून असेल. मग तुझे बाबा शिडीवर चढले. मी पानावर होतं तेच वाचलं, पदरचं काही नाही. "रंग आधी" म्हणालो, थांबलो, आणि खिडकीतून हं असा आवाज आला.

मला वाटलं तिला काही सांगायचं आहे. मी पानावरून नजर उचलली तर ती उशी शिवत होती, मान खाली. पुढे वाचलं. दुकानदार बोलला, थांबला, खिडकीत शांतता. तुझे बाबा बोलले, थांबले, पुन्हा हं. ध्वनिमुद्रण करणारी मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिला हाताने चालू दे म्हटलं. मग प्रकरण संपेपर्यंत तेच. नियमाच्या स्वल्पविरामांवर ती एकदाही बोलली नाही. तू भिंतीवर पाणी ओढून बसवलेले जे होते तेवढ्यांवरच, आणि एकही चुकवला नाही. शेवटी शेवटी तर मी तिच्या हं साठी थांबत होतो, ते आलं की पुढे जात होतो. भिंगरे, मी नोकरीत कितीतरी पुस्तकं वाचली, पण कुणीतरी खालून धरलंय अशी खात्री ठेवून कधी वाचलं नव्हतं. दम एकदाही कमी पडला नाही.

संपल्यावर मी विचारलं की यंत्र चालू असताना बोलायचं नाही असं ठरलं होतं ना. ती म्हणाली, मी कुठे काय बोलले. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मुलीने मागे नेऊन थोडं ऐकवलं. ताईने ते ऐकलं, सुई उशीत खोचून ठेवली. मग म्हणाली की छापा. आत जाता जाता दारात थांबून एवढंच म्हणाली की त्या पिवळ्या अक्षरांच्या दुकानदाराने शेवटी ऐकलं नव्हतं, त्याच्या पाटीचा रंग वर्षभरात उडाला, ते पुस्तकात आहे का बघ. नसेल तर घाल.

मुलीने मला विचारलं की मधले ते आवाज पुसून टाकू का, अगदी सहज निघतील. मी तिला सांगितलं की त्यातला एक जरी पुसलास तर याद राख. पुस्तक लोकांनी कसं वाचायचं ते वाचोत. जे ऐकतील त्यांना दोघं मिळतील.

पानं उद्याच पाठव, बाईंना मुदतीच्या आत मिळू देत. लोभ काय, गोळ्यांसारखाच वर चढून टेकलेला आहे.

तुझा,
मामा

---

२७ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पानं बाईंकडे पोचली. उडालेल्या पाटीची गोष्ट घातली, शेवटच्या प्रकरणात, तुझ्या शब्दांत. पुढच्या आठवड्यात छपाई सुरू होईल.

बाईंच्या ऑफिसातल्या एका मुद्रितशोधकांनी फोन केला होता. बाकी सगळं चोख आहे, पण बाबांच्या वाक्यांतले काही स्वल्पविराम नियमाला धरून नाहीत, काढू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा तिथे माझी आई उभी आहे असं मी सांगितलं. ते राहू दे म्हणाले.

तू म्हणाली होतीस की त्या पुस्तकात तू नाहीस हे बरं झालं. पुस्तक आलं की कुठलंही पान उघड. बाबा जिथे जिथे थांबले आहेत, ती प्रत्येक जागा तुझी आहे. मी लहानपणी ते थांबणं कधी ऐकलंच नाही, कारण त्यात तुझा आवाज असायचा आणि मला वाटायचं की घरात सगळेच असं बोलतात.

मामांना सा. न., आणि गोळ्या सोडू नका म्हणावं. मी दुसरी कादंबरी लिहायला घेते आहे. शिडी उंच आहे आणि मला भीती वाटते, पण लिहीनच. तू मात्र खाली असावीस, आणि मी मधेच थांबले की हं म्हणावंस, ही विनंती.

तुझी,
भिंगरी